भांड्यातून उतरलेलं तांबं

“हे तुला कुठून सुचलं गं?” चंद्रप्रकाशनं विचारलं. विचारलं तेही काही डोळे रोखून नव्हे. चहात बुडवलेलं बिस्किट तुटून पडायच्या आत तोंडात टाकायची त्याची गडबड चालली होती, आणि त्या गडबडीतच कागदावर एक बोट टेकवून त्यानं विचारलं. झालं एवढंच. पण भरल्या वर्गात बाईंनी अचानक आपलंच नाव घ्यावं, तशी इनेझ मिरांडा दचकली. तिनं कागद स्वतःकडे ओढला. टाइप केलेल्या त्या इंग्रजी ओळी तिच्याच होत्या, तीन आठवडे घासूनपुसून तिनंच लखलखीत केलेल्या. सालीचा काढा घ्यावा, तो आंबू द्यावा, त्यात तांब्याचा क्षार मिसळावा, “अथवा भांड्यातूनच उतरलेलं तांबं”, आणि मग मासेमारीचं जाळं, कुजू नये म्हणून, त्यात मुरवून चुन्याच्या निवळीत बुडवावं. चंद्रप्रकाशचं बोट नेमकं त्या ‘अथवा’वर होतं. “मी आपला मोरचुदाची पुडी टाकून मोकळा होतो,” तो म्हणाला, “भांड्यातून तांबं उतरतं हे आमच्या सात पिढ्यांच्या डोक्यात आलं नसतं. कुठून काढलंस?” इनेझ हसली. वकिलांना एक हसू येतं, जे दाताच्या मागे जात नाही, तसं. “सवय आहे रे,” ती म्हणाली, “पहिला क्लेम, हक्काचं पहिलं कलम, नेहमी ऐसपैस ठेवायचं. उद्या एखादा मोरचूद टाळून नुसत्या तांब्याच्या हंड्यात तेच करील आणि तुझ्या नाकावर टिच्चून विकील. मग बसशील बोंबलत.” चंद्रप्रकाशनं मांडीवर थाप मारली. “झकास! आयशीचो घो! म्हणजे अर्धा शोध तुझाच की! मग नाव घाल ना तुझं. खोटं नाही बोलत. शोधक दोन, मी आणि तू. सोमवारी सकाळी घाटकोपरला ये, घरी, सही करू, आणि पाकीट कलकत्त्याच्या पेटंट ऑफिसला रवाना.”

तो गेला. जिन्यावरून त्याच्या चपलांचा फटफट आवाज खाली उतरत गेला आणि इनेझ तशीच बसून राहिली. शनिवारची दुपार, ऑफिस अर्ध्या दिवसाचं. अंधेरीला तिच्या घराभोवती, आंबोलीच्या गावठाणात, शेजारणींनी बाटलीमसाल्यासाठी मिरच्या वाळत टाकल्या होत्या, आणि मे महिन्याच्या उन्हाबरोबर त्यांचा ठसका खिडकीतून आत येत होता. बशीत बिस्किटाचा चुरा पडला होता. शोधक दोन, मी आणि तू. कसं सोपं बोलतो हा माणूस! मुलुंडला पत्र्याच्या शेडमध्ये रंग घोटतो, हातांची नखं बारा महिने जांभळी, आणि बोलतो असं की जणू मूठभर शेंगदाणे वाटून खायचे आहेत. पण त्याला काय माहीत, या दोन शब्दांवर इनेझ दहा वर्षं उपाशी होती! पेटंटच्या अर्जात एक ओळ असते. अर्जदार शपथेवर सांगतो की या युक्तीचा ‘खरा आणि पहिला शोधक’ मीच. मग सरकार सोळा वर्षं ती युक्ती त्याच्या हवाली करतं, दुसऱ्यानं करायची तर त्याला विचारून. इनेझनं आजवर ती ओळ कितीजणांसाठी लिहिली असेल! कुलूपवाल्यासाठी, स्टोव्हच्या पिनेसाठी, केसांचं तेल गोठू नये म्हणून काहीतरी करणाऱ्या एका गंभीर गृहस्थासाठी. प्रत्येक वेळी नावाची जागा भरताना तिचं पेन क्षणभर हवेत थांबायचं. लग्नघरात दुसरीच्या हातावर मेंदी काढणाऱ्या मुलीसारखं. आणि आज ती जागा आपण होऊन म्हणत होती, ये की.

ती उठली, कपबशी धुतली, मग धुतलेलीच पुन्हा धुतली. जीव कशात लागेना. त्रेचाळीस साल आठवलं, कॉलेजची प्रयोगशाळा, गॅसच्या निळ्या ज्योती, आणि शेजारच्या टेबलावर हाच चंद्रप्रकाश. गिरणीतल्या जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, मुलगा, एकुलता एक कोट, त्यालाही ॲसिडची भोकं. इनेझ तेव्हा झाडांच्या सालींवर संशोधन करत होती. कुठली साल सुताला किती टिकवते, का टिकवते. दोन वर्षं! बोटांची कातडी निघाली, डोळे चुरचुरले, पण रोज सकाळी ती प्रयोगशाळेचा जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढायची. मग तिच्या प्राध्यापकांचा निबंध विलायतेत छापून आला. सगळे आकडे तिचे होते. तिनं धडधडत्या छातीनं पानं उलटली, आणि शेवटच्या पानावर तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, तिला स्वतःचं नाव सापडलं: कुमारी मिरांडा यांनी काचसामान स्वच्छ ठेवल्याबद्दल आभार. काचसामान! त्या दिवशी ती रडली नाही. तिनं खरोखरच सगळं काचसामान धुतलं, ओळीनं पालथं घातलं, ॲप्रन काढून खुंटीला लावला आणि चालती झाली. वकिली शिकायचं तिनं का ठरवलं, असं कुणी विचारलं की ती काहीतरी बरंसं सांगायची. खरं कारण एकच होतं. जगात एक तरी जागा अशी होती, जिथं कायदा टेबलावर हात आपटून विचारतो, पहिलं कोणी केलं?

आणि आता कायदा तिलाच विचारत होता. तसं पाहिलं तर तिनं शोध घेण्यात कसर ठेवली होती का? अजिबात नाही! पेटंट देण्याआधी ती युक्ती नवीन आहे का हे बघावं लागतं, आणि इनेझसारखं बघणारं दुसरं कुणी मुंबईत नव्हतं, हे खुद्द तिच्या ऑफिसातले मोठे साहेब म्हणायचे. रसायनाची भाषा कळणारी वकील! तिनं पंधरा वर्षांची मासिकं चाळली होती, जुनी पेटंटं उपसली होती, नॉर्वेचे कोळी काय करतात आणि जपानचे काय, सगळं वहीत उतरवलं होतं. आणि शेवटी साहेबांना चिठ्ठी दिली होती: कुठेही आढळले नाही. कुठेही! त्या शब्दाशी येऊन आता तिचं मन ठेच लागल्यासारखं थांबत होतं. ती खिडकीशी गेली, परत आली, पलंगावर बसली, उठली. कारण नाकात एक वास भरला होता. तो मिरच्यांचा नव्हता. ओला, तुरट, किंचित आंबलेला, पैसा जिभेवर ठेवला की येते तशी चव असलेला तो वास होता. गोराईला ॲग्नेसमावशीच्या परसात येणारा.

इनेझची आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. मावशीनं तिला वाढवलं, म्हणजे लुगड्याच्या ओच्याला बांधल्यासारखी बरोबर फिरवली. मासळीला, शेतावर, देवळात. आणि परसात तो हंडा. तांब्याचा, एवढा मोठा की लपाछपीत आत बसावं, आणि इनेझ बसलेली होती. त्यात ऐनाची साल उकळायची, रात्रभर तसंच ठेवायचं, मग जाळी त्यात मुरवायची, दुसऱ्या दिवशी शिंपल्यांच्या चुन्याच्या निवळीत काढायची. गावातल्या सगळ्या घरांत असंच. हंडा बाहेरून कितीही घास, आतून घासलास तर बघ, मावशी म्हणायची. हे सारं इनेझला माहीत होतं, आपल्या हाताला पाच बोटं आहेत हे माहीत असतं तसं. कुणी कधी बोटं मोजतं का? पण कॉलेजात जायला लागल्यावर ती दर सोमवारी लिंबाच्या सालीनं हात घासायची, कोपरापर्यंत. एकदा एका मुलीनं बाकावर सरकून नाकाला रुमाल लावला होता. फक्त एकदा. तेवढं पुरलं. एकदाच, त्रेचाळीसमध्ये, तिनं हंड्यातलं पाणी शाईच्या बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं होतं, आटवून, जाळून, राखेवर अमोनिया सोडला होता; आणि काचेच्या नळीत असा निळा रंग उसळला होता, मोराच्या गळ्यासारखा, की ती जागच्या जागी उडी मारणार होती. तांबं! भांड्यातलं तांबं आंबट पाण्यात उतरतं आणि सुताला कुजू देत नाही! पण वहीत तिनं काय लिहिलं? गोराई लिहिलं? मावशी लिहिलं? छे. लिहिलं: नमुना क्रमांक सात. नमुन्याला वास नसतो.

म्हणजे चंद्रप्रकाशनं काही चोरलं नव्हतं. बिचाऱ्याचं मोरचूद त्याचं स्वतःचं होतं, त्याची प्रमाणं, त्याच्या शेडमधली पाच वर्षं. चोरून आणलं असेल तर ते ‘अथवा’ इनेझनं आणलं होतं, आणि तेही स्वतःच्याच घरातून, आणि स्वतःला पत्ता लागू न देता. क्लेम ऐसपैस करायचा म्हणून तिनं जाळं फेकलं आणि त्यात पहिली सापडली कोण? तिची मावशी, हंड्यासकट! सनद मिळाली की ॲग्नेसमावशी रोजच्यासारखी चूल पेटवणार, आणि ती चूल कायद्याच्या लेखी चंद्रप्रकाशच्या हक्कात घुसखोरी ठरणार. तो काही तिच्यावर खटला भरणार नाही, भला माणूस आहे. पण उद्या त्यानं सनद एखाद्या मोठ्या कंपनीला विकली तर? ती कंपनी गोराईच्या घरोघर नोटिसा धाडील, त्या नोटिसा इंग्रजीत असतील, आणि वाचून दाखवायला लोक कोणाला बोलावतील? इनेझलाच! आणि तळाशी शोधक म्हणून कोणाचं नाव असेल? तिनं उशीत तोंड खुपसलं. पण लगेच दुसरा आवाज आला, गोड, समजूतदार. अगं, मावशीला काय ठाऊक? ती आपली करत आली म्हणून करते. तांबं उतरतं, का उतरतं, हे पहिल्यांदा कोणी पाहिलं? तूच ना? करणं वेगळं, कळणं वेगळं. कळणं तुझं आहे. घे नाव. तो आवाज इतका शहाणा होता, की ऐकता ऐकता तिला त्याचाच राग आला.

रविवारी सकाळची चर्चमधली मिस्सा तिनं निम्मी ऐकली, निम्मी नाही. बोरिवलीला उतरून टांगा, टांग्यातून खाडी, खाडीवरून होडी. होडीत एका बाईच्या टोपलीत कोंबड्या होत्या आणि त्या सारख्या इनेझकडे साक्षीदारासारख्या बघत होत्या. ती मनाशी घोकत होती, मावशीला आपण काही सांगायचं नाही, अशिलाचं गुपित ते अशिलाचं. आपण फक्त विचारायचं. काय विचारायचं? तुला ‘का’ माहीत आहे का? आणि तिला माहीत नसलं तर? तर इनेझ सुटली. तर नाव तिचं. तिला लख्ख कळलं की आपण मावशीला भेटायला नाही, मावशी अडाणी आहे हे बघायला निघालोय. परत फिरावं? पण होडी काही मध्येच फिरत नाही.

मावशी परसातच होती. लुगड्याचा काष्टा वर खोचून, हंड्यात लाकडी दांडा फिरवत. सत्तरीची बाई, पण दंड बघावे! “आयलीस गो?” ती न वळताच म्हणाली. “अंधेरीला भात शिजत नाय का? काडी झालीस नुसती.”

“जेवते गं मावशी.”

“कागद खातेस. तुझे वकील सगले कागदच खातान. धर, हा दांडा धर, माझी पाठ मोडली.”

इनेझनं पर्स शेवग्याच्या फांदीला अडकवली आणि दांडा धरला. वाफ तोंडावर आली. आत जाळं तपकिरी होऊन लडबडत होतं, जड, जिवंत असल्यासारखं. हातांना काही सांगावं लागलं नाही. डावीकडून उजवीकडे, मग खाली दाबायचं, मग उचलायचं. तिचे हात तिच्याहून आधी इथे येऊन पोचले होते. मग इनेझनं आवाज होईल तितका साधा ठेवून विचारलं, “मावशी, हे लोखंडी काहिलीत का नाही गं करत? स्वस्त नाही पडणार?”

“बघा! शिकली आणि खुळी झाली!” मावशी खाली चुलीत लाकूड सारत म्हणाली. “लोखंडात केलं तर जाळं सा महिन्यांत कुजतं. तांब्यात केलं तर दोन सीझन चालतं.”

“हो, पण का?”

“का म्हणजे? तांबं जाल्यात जातं ना.”

इनेझचा दांडा थांबला. “तुला कोणी सांगितलं?”

“सांगायला कोण पायजे? पाणी चाखून बघ. सांजचं तुरट लागतं, सकाळचं तांब्याचं लागतं. मंग रातच्याला तांबं कुठून आलं, देवदूत टाकून गेला?” मावशी आता कंबरेवर हात ठेवून उभी होती, आणि तिला गंमत वाटायला लागली होती. “आणि हंडा बघ. माझ्या लग्नातला हंडा नाय हा, तो झिजून झिजून चाळण झाला. हा तिसरा. दर येळेला तांबट विचारतो, आजी, हंडा खातेस का? मी सांगते, मी नाय रे बाबा, जाळं खातं. आतून घासू नको म्हणते ते तुला काय वाटलं, आळस? आतलं हिरवं पुट घासून टाकलं तर जाल्याला काय मिळणार, तुझं इंग्लिश?”

इनेझ हसायला लागली. थांबवता येईना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते धुरानं आलं असं तिनं ठरवलं. चोवीस तास तो शहाणा आवाज कानाशी भुणभुणत होता, कळणं तुझं, कळणं तुझं. आणि इथे कळणं हंड्याच्या काठावर पालथं घातलेलं होतं, तांबटापर्यंत पोचलेलं होतं, त्याच्यावर विनोदसुद्धा जुने झाले होते! राखेची गरज नाही, अमोनियाची नाही; जीभ लावली की झालं. “हे आणखी कोणाला माहीत आहे?” तिनं विचारलं. हा प्रश्न वकिलाचा होता.

“कोणाला माहीत नाय ते सांग! मनोरीला जा, खारदांड्याला जा. पोरीसोरी सांगतील.” मग मावशीनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. “झालं काय तुला?”

“काही नाही. समज, मावशी, नुसतं समज, कुणी आलं आणि म्हणालं, ही युक्ती माझी. मी पहिल्यांदा काढली. तर तू काय म्हणशील?”

मावशीनं खरंच विचार केला. चुलीतलं लाकूड एकदा मागे ओढलं, पुन्हा पुढे केलं. “म्हणीन, बरं बाबा,” ती म्हणाली. “मंग हा दांडा धर. दुपारपर्यंत फिरव. आणि नंतर परत सांग.”

दुपारी जेवताना इनेझच्या हातांना रंग लागलेला होता, मनगटापर्यंत, चहासारखा. मावशीनं लिंबू पुढे केलं. इनेझनं ते आमटीत पिळलं. पण मन काही हलकं झालं नव्हतं, आणि कुणी म्हणालं की सत्य कळलं की हलकं वाटतं, तर त्या माणसाला एकदा पकडून विचारायला हवं. उलट आता सुटायला वाटच उरली नव्हती. परतीच्या वाटेवर सबंध वेळ तिच्या डोक्यात हिशेबी वकीलबाई आणि दोन-दोन पायऱ्या गाळणारी मुलगी, दोघींचं भांडण जुंपलं होतं. वकीलबाई म्हणत होती, ‘अथवा’ खोडायचं, क्लेम मोरचुदापुरता आणायचा, तेवढं चंद्रप्रकाशचं खरं आहे, तेवढं त्याला मिळू दे. तुझं कलम गेलं की तुझं नावही गेलं, सरळ आहे. मुलगी फक्त पुन्हा पुन्हा ते शेवटचं पान उघडून दाखवत होती. तळाची मुंगीएवढी अक्षरं.

सोमवारी सकाळी सातला घाटकोपरच्या चाळीत ती तिसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा चंद्रप्रकाशची बायको, सुलक्षणा, दारातच तांदूळ निवडत होती. “या या, इनेझबाई! शनिवारपासून आमच्याकडे एकच जप, दोन शोधक, दोन शोधक,” ती म्हणाली. “मी म्हटलं, बरं झालं, निदान एक तरी नीटनेटका असेल.” चंद्रप्रकाश बनियनवर, केस ओले, टेबलावर अर्ज मांडून बसला होता. नावाच्या जागी पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहून ठेवलं होतं: सी. एम. सामंत आणि इनेझ मिरांडा. तिची नजर तिथे पडली आणि हललीच नाही. किती छान दिसत होतं! तिनं तिथंच, उभ्या उभ्या, ‘अथवा भांड्यातूनच उतरलेलं तांबं’ यावर पेनानं रेघ मारली. सरळ, एकच.

“अगं! अगं, काय करतेस!” चंद्रप्रकाश उठलाच. “साहेबांनी पास केलाय तो! तूच म्हणालीस ना, उद्या कोणी हंड्यात केलं तर?”

“हंड्यात करतात,” इनेझ म्हणाली. “आजच करतात. माझ्या जन्माआधीपासून करतात. माझी मावशी करते, चंदू. मी केलंय. हे बघ.” तिनं दोन्ही हात पुढे केले. तपकिरी. कॉलेजात सहा वर्षं ज्या माणसाच्या शेजारी बसून तिनं हे हात लपवले, त्याच्याच नाकापुढे. “तू विचारलंस ना, कुठून सुचलं. मला सुचलं नव्हतं. मला आठवलं होतं, आणि मी त्याला सुचलं म्हणाले.”

चंद्रप्रकाश हातांकडे बघत राहिला. मग मटकन खुर्चीत बसला. “म्हणजे माझी पण वाट लागली,” तो हळू म्हणाला. “माझं तरी नवीन काय मग?”

हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. स्वतःच्या नावाभोवती इतक्या फेऱ्या मारताना त्याचं नाव तिनं बघितलंच नव्हतं. “तुझं मोरचूद आहे,” ती म्हणाली, “तुझी मापं आहेत. हंडा झिजायची वाट बघावी लागत नाही, रात्रभर थांबावं लागत नाही, एका तासात होतं. ते कुणी करत नव्हतं. ते तुझं. छोटं आहे, पण खरं आहे.”

“छोटं,” तो म्हणाला, तोंडात खडा लागल्यासारखा. सुलक्षणाच्या बोटांखाली तांदूळ थांबले होते. “अहो, छोटं तर छोटं,” ती दारातून म्हणाली, “आपली खोली काय मोठी आहे?”

इनेझनं खुर्ची ओढली. रेघ मारून भागणार नव्हतं, हे तिला रेघ मारताना कळलं होतं. खोडलेलं कुणाला दिसत नाही. उद्या दुसरा कोणी येईल, दुसरी एखादी हुशार वकीलबाई येईल, पंधरा वर्षांची मासिकं चाळील आणि लिहील, कुठेही आढळले नाही. प्रत्येक पेटंटाच्या सुरुवातीला एक ठरलेलं वाक्य असतं, कंटाळवाणं, ज्यावरून सगळे नजर घसरवत पुढे जातात: अमुक अमुक पूर्वीपासून ज्ञात आहे. जे सर्वांना माहीत आहे, म्हणून ज्यावर कुणाचा हक्क नाही, ते तिथं लिहायचं. तिनं पहिलं पान घेतलं आणि समासात, तिच्या गोल शाळकरी अक्षरांत, लिहायला लागली: तांब्याच्या भांड्यात ऐनाच्या सालीचा काढा रात्रभर ठेवला असता भांड्यातील तांबे त्यात उतरते व त्यामुळे जाळे टिकते, हे समुद्रकाठच्या गावांत पूर्वीपासून ज्ञात आहे. मग रबर घेऊन तिनं आपलं नाव पुसलं. पेन्सिलीचंच होतं, दोनदा घासल्यावर गेलं. कागदावर थोडी काळसर पूड उरली, ती तिनं फुंकली, आणि त्या रिकाम्या जागेवरून एकदा बोट फिरवलं. कुणाला कळलं नाही. सुलक्षणाला कळलं असावं, कारण ती उठून चहा ठेवायला गेली.

चंद्रप्रकाशनं समासातलं वाक्य दोनदा वाचलं. तो रागावलेला होता, पण तो रसायनाचा माणूस होता, आणि वाक्य बरोबर होतं. “समुद्रकाठच्या गावांत,” तो म्हणाला. “कुठल्या गावांत? कलकत्त्याचे साहेब विचारणार. म्हणतील, कुठं छापलंय दाखवा. कोणाला ज्ञात आहे, दाखवा.”

इनेझनं पेन पुन्हा उचललं. समुद्रकाठच्या गावांत, याच्या पुढे तिनं एक खूण केली, वर जागा नव्हती म्हणून शब्द थोडा तिरका आला: गोराई. तिनं कधी कुठल्या कागदावर तो लिहिला नव्हता.

“आणि एखादा साहेब खरंच तपासायला निघाला तर?”

“येऊ दे की,” इनेझ म्हणाली. “होडी असते.”